झुंबराला लटकायचं, पण फासे किती टाकायचे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न एकाच जातीच्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांबद्दल आहेत. म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं, काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशानं ठरवायचं. टोपीत पीस, कमरेला रेपियर (लांब, सडपातळ तलवार), छतावरून उडी आणि तोंडात टोमणा. इंग्रजीत याला स्वॅशबकलिंग म्हणतात. शब्द सोळाव्या शतकातला आहे. स्वॅश म्हणजे आपटल्याचा आवाज, बकलर म्हणजे मुठीत धरायची छोटी ढाल, आणि ढालीवर तलवार वाजवत गुर्मीत हिंडणारा तो स्वॅशबकलर. ही गुर्मी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दिसते, टेबलावर मात्र येत नाही, ही बहुतेकांची तक्रार. खेळ चालवणाऱ्याला आम्ही इथे सगळ्यांसारखंच जीएम म्हटलं आहे.

प्रश्न : सहा महिन्यांपासून चौघांना खेळवतेय. झुंबरं, सज्जे, मखमली पडदे, सगळं रंगवून सांगते. पण लढाई सुरू झाली की चौघंही आळीपाळीनं "मी वार करतो" एवढंच म्हणतात. नियम वीस बाजूंच्या फाशाचे आहेत. त्यांची हौस कमी पडतेय की माझं वर्णन?

उत्तर : तुमचे खेळाडू आळशी नाहीत, हिशेबी आहेत, आणि त्यांचा हिशेब बरोबर आहे. समजा, साधा वार लागण्याची शक्यता 65 टक्के आहे. आता एकजण म्हणतो, "मी सज्ज्यावरून उडी मारून झुंबराला लटकतो आणि खाली येता येता सरदारावर वार करतो." बहुतेक जीएम इथे सवयीनं उडीसाठी एक फासा मागतात, झुंबर पकडायला दुसरा आणि वाराला तिसरा. प्रत्येकाची शक्यता 65 टक्केच धरली, तरी दोन फाशांनंतर ती 42 वर येते आणि तिसऱ्यानंतर 27 वर. थोडक्यात, जागेवर उभं राहून भोसकणाऱ्याचे शंभरातले 65 वार लागतात आणि नाट्य करणाऱ्याचे 27. एकदा आपटी खाल्ली की शहाणा माणूस पुन्हा झुंबराकडे बघत नाही.

म्हणून पहिला नियम : एका कृतीला एकच फासा, मग वाक्य कितीही लांब असो. उडी, लटकणं, पडदा फाडत घसरणं हे सगळं वाराच्या फाशात धरायचं. स्वतंत्र फासा फक्त तेव्हा मागायचा, जेव्हा ती हालचाल हाच त्या पात्राचा त्या फेरीतला उद्देश असेल, म्हणजे खिडकीतून पळून जाणं किंवा जळती वात विझवणं.

दुसरा : खोलीतली एखादी वस्तू वापरली की बक्षीस, आणि ते तिथल्या तिथे. वीस बाजूंच्या फाशावर अधिक 2 दिले की 65 चे 75 होतात. दोन सहा-बाजूंचे फासे टाकून 7 किंवा जास्त आणायचं असेल, तर अधिक 1 वरून अधिक 2 वर जाताना यशाची शक्यता 72 वरून 83 टक्के होते. आकडा छोटा दिसतो, पण आता नाट्य करणारा नफ्यात आहे, आणि टेबलावरच्या सगळ्यात सावध माणसालाही ते दोन फेऱ्यांत कळतं. तीच वस्तू त्याच पद्धतीनं दुसऱ्यांदा वापरली तर बक्षीस नाही. नाहीतर चौघंही एकाच झुंबराला लोंबकळतील.

तिसरा नियम सगळ्यात जास्त विसरला जातो. फासा हुकला म्हणजे पात्र फजीत झालं, असं सांगायचं नाही. वार चुकला की पात्र दुसरीकडे पोचलं, असं सांगायचं. झुंबराचा दोर तुटला, तुम्ही सरदाराऐवजी थेट मेजवानीच्या टेबलावर उतरलात, आता तीन पहारेकरी तुमच्या पायांशी आहेत. तोटा झालाच, पण पात्र हास्यास्पद झालं नाही आणि पुढच्या खेळाडूला नवं काहीतरी मिळालं. "तू घसरून पडलास, पुढचा कोण?" हे वाक्य महिनाभर बंद ठेवून बघा.

तुमच्या वर्णनाबद्दल एकच सूचना. झुंबर आणि पडदे हे दृश्य झालं. खेळाडूला पकडायला दांडा लागतो. प्रत्येक लढाईच्या जागेसाठी एका कार्डावर पाच गोष्टी लिहून टेबलाच्या मधोमध उताणं ठेवा : एक उंचावरची, एक लोंबणारी किंवा दोरानं बांधलेली, एक सहज कोसळणारी, एक जळणारी किंवा गरम, आणि एक जिवंत, जिला इजा होता कामा नये. उंची सगळ्यात महत्त्वाची. सपाट खोलीत कितीही सामान भरलं तरी लढाई सपाटच होते. कागदावरच्या नकाशात "सज्जा, 4 मीटर" असा आकडा टाका, म्हणजे खेळाडू आपणहून उडीचा विचार करतो.

तळघरातल्या लढाईत हे असं दिसेल :

"मी वार करते."
"कर. पण तू जिथे उभी आहेस तिथे डाव्या हाताला पिंपांची उतरंड आहे. खालच्या पिंपाला एकच पाचर लावलीय."
"किती पिंपं?"
"सहा. आणि जिना त्यांच्या बरोब्बर समोर आहे."
"मग मी वार अडवायचं सोंग करत मागे सरकते आणि टाचेनं पाचर उडवते."
"अधिक 2. टाक."

जीएमनं इथे फक्त पाचरेचा उल्लेख केला. युक्ती खेळाडूची आहे, म्हणून श्रेयही तिचंच.

प्रश्न : बारा पहारेकरी अंगावर सोडले तर एक लढाई दीड तास चालते. कमी सोडले तर थरार जातो.

उत्तर : बाराजणांचे बारा फासे टाकू नका. सहा-सहाच्या दोन टोळ्या करा आणि प्रत्येक टोळीला एकच प्रतिस्पर्धी समजा. टोळी फेरीत एकदाच हल्ला करते आणि लागला तर जितके उभे आहेत तितकं नुकसान करते. सहा उभे असतील तर 6, दोन उरले असतील तर 2. खेळाडूचा वार लागला की एक पडतो, आणि फासा लक्ष्यापेक्षा 5 नं वर गेला की आणखी एक, 10 नं गेला की तिसरा. टोळीतले तिघं उरले की धीराचा एक फासा टाका. हुकला तर उरलेले पळतात, किंवा निदान शिट्ट्या वाजवत मदत आणायला धावतात. (दुसरा पर्याय बहुधा जास्त मजेचा.) नुकसानाचे आकडे तुमच्या खेळातल्या जिवाच्या गुणांशी (हिट पॉइंट) ताडून बघा. भरलेली टोळी सलग तीन फेऱ्या लागली, तरच नायक आडवा व्हावा.

या टोळीतल्या कुणालाही नाव देऊ नका. नाव दिलं की खेळाडू त्याच्याशी बोलायला थांबतात.

प्रश्न : आमच्या गटातला एकजण चार पिस्तुलं बाळगतो आणि तलवार काढायच्या आधीच लढाई संपवतो. हे इतिहासाला धरून आहे का? बंदी घालावी का?

उत्तर : इतिहासाला अगदी धरून आहे. ब्लॅकबिअर्ड हा समुद्री चाचा खांद्यावरच्या पट्ट्यात पिस्तुलांच्या तीन जोड्या, म्हणजे सहा पिस्तुलं, बाळगायचा असं 1724 मध्ये छापलेल्या वर्णनात आहे. कारण साधं होतं : एक पिस्तूल, एक गोळी. चकमकीच्या चापाचं पिस्तूल शांतपणे उभं राहून भरायलाही अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे सहा सेकंदांच्या फेरीत जवळजवळ पाच फेऱ्या. त्याआधीच्या व्हीललॉक पिस्तुलात तर चाकाला किल्लीनं पीळ द्यावा लागायचा.

तेव्हा बंदी नको. चार पिस्तुलं म्हणजे चार गोळ्या, आणि त्या पूर्ण प्रसंगासाठी. लढाई चालू असताना पुन्हा भरणं नाही. फाशावर 1 आला, किंवा दोन फाशांवर दोन्ही 1 आले, की बार फुसका. पावसात, गटारात किंवा समुद्रात भिजल्यावर दारू कोरडी करेपर्यंत पिस्तूल म्हणजे मुठीचा दांडका. प्रत्येक गोळीचा आवाज पुढच्या दोन गल्ल्यांत जातो, तेव्हा दर गोळीमागे जीएमनं समोर एक खडा ठेवावा आणि तीन खडे झाले की गस्तीची नवी टोळी आणावी. आणखी एक गोष्ट : भरलेली चार पिस्तुलं लटकवून मेजवानीत शिरता येत नाही. दारातच विचारा, "हत्यारं कुणाकडे देताय?" तलवार हा तेव्हाच्या उच्चकुलीन पोशाखाचा भाग होता, ती बहुतेक ठिकाणी आत जाते.

प्रश्न : दोघांचं द्वंद्व लागलं की बाकीचे तिघं मोबाइल काढून बसतात. द्वंद्व छोटं केलं तर ज्याचं आहे तो नाराज. काय करावं?

उत्तर : दोन वेगळ्या अडचणी आहेत. बाकीच्यांना काम नाही, आणि द्वंद्वात बघण्यासारखं काही घडत नाही.

पहिलीचं उत्तर फ्रान्सच्या इतिहासातच आहे. तिथल्या द्वंद्वात साक्षीदार म्हणून आलेले जोडीदार नुसते बघत उभे राहत नसत, तेही आपसात लढत. द्वंद्वावर 1626 मध्ये कडक फर्मान निघालं. पुढच्याच वर्षी, 12 मे 1627 ला, फ्रांस्वा द मोंमोरांसी-बुतव्हिल या सरदारानं पॅरिसच्या प्लास रॉयालमध्ये भर दिवसा तिघं विरुद्ध तिघं असं द्वंद्व खेळलं. समोरचा एक साक्षीदार मारला गेला, आणि बुतव्हिल व त्या साक्षीदाराला मारणारा बुतव्हिलचा जोडीदार या दोघांचा 22 जून 1627 ला शिरच्छेद झाला. यातून टेबलासाठी दोन गोष्टी मिळतात. साक्षीदार लढतात, म्हणजे आणखी दोन खेळाडू मैदानात आले. आणि द्वंद्व बेकायदा आहे, म्हणजे पाचव्याला गल्लीच्या तोंडाशी उभं करता येतं : गस्त येतेय, तिला बोलण्यात गुंतवायचंय, दर फेरीला त्याचा एक फासा. त्याचा फासा हुकला की द्वंद्वाची एक फेरी कमी. आता मोबाइल खिशात जातो, कारण वेळ तोच पुरवतोय.

दुसऱ्या अडचणीसाठी फाशांऐवजी पत्ते वापरून बघा. तीन चाली : वार, अडव, हूल. वार हूलेला हरवतो, कारण फसवणूक पुरी व्हायच्या आत पातं छातीशी पोचतं. हूल अडवेला हरवते, कारण अडवणारं पातं भलतीकडे गेलेलं असतं. अडव वाराला हरवते आणि लगेच उलटवार होतो. दोघांचा वार असेल तर दोघांनाही लागतं. दोघांची अडव असेल तर गोल फिरतात आणि कुणीतरी एक जागा बदलतो : पायरीवर चढतो, उन्हाला पाठ करतो. दोघांची हूल असेल तर मुठी एकमेकींत अडकतात, ताकदीचा एक फासा टाकायचा आणि जिंकणाऱ्यानं एक वाक्य बोलायचं.

हातात तीनच पत्ते ठेवले आणि टाकलेला परत घ्यायचा नाही असं ठरवलं, तर तिसरी चाल दोघांनाही आधीच ठाऊक होते आणि सगळी मजा जाते. म्हणून हात चार पत्त्यांचा : तिन्ही चाली एकेक, आणि आपल्या शैलीची चाल जास्तीची एक. शैली जाहीर असते. "हा हूलेचा माणूस आहे" हे सगळ्या शहराला माहीत असावं. चारांतले तीन टाकायचे, मग सगळे परत उचलायचे. उरलेला चौथा पत्ता कोणता, यावरच डाव चालतो. ज्याचं तलवारीचं कौशल्य वरचढ, त्यानं दर तीन चालींत एकदा, पत्ते उलटण्याआधी, विचारायचं : "कोणता पत्ता टाकलेला नाहीस?" समोरच्यानं एका पत्त्याचं खरं नाव सांगायचं आणि मग विचारणाऱ्यानं आपला पत्ता हवा तर बदलायचा. यानं विजय पक्का होत नाही, पण तीनातला एक पर्याय गळतो. कौशल्याला एवढं वजन पुरेसं आहे.

पहिल्या रक्तापर्यंत असेल तर एक फटका, मानासाठी तीन, जिवासाठी पाच. पाचाच्या वर जाऊ नका. दहा मिनिटांपेक्षा लांबलेलं द्वंद्व कुणालाच लक्षात राहत नाही.

यात चुकतं कुठे? जीएम पत्ते मुकाट्यानं उलटतो आणि "तुला लागलं" म्हणतो, तिथे. पत्ता उलटल्यावर हरलेल्यानं सांगायचं की आपल्याला कुठे आणि कसं लागलं. जिंकलेल्याला वर्णन करायला दिलं तर तो हात-पाय तोडायला निघतो. हरलेला स्वतःची अब्रू राखून सांगतो, आणि ते नेहमी जास्त चांगलं असतं.

प्रश्न : मला हजरजबाबी बोलता येत नाही. माझं पात्र मात्र शहरातलं सगळ्यात तिखट तोंडाचं आहे.

उत्तर : तुम्हाला तलवारही चालवता येत नसेल, तिथे फासा चालतो ना? तसंच इथे. "मी त्याच्या वाडवडिलांवरून असं काही बोलते की त्याचा हात थरथरतो" एवढं सांगून फासा टाका. लागला तर त्याच्या पुढच्या फाशाला उणे 2. नेमकं वाक्य दुसऱ्या कुणाला सुचलं तर त्यानं ते तुमच्या तोंडी घालावं, गटात तशी परवानगी आधीच ठरवून घ्या. आणि चार वाक्यं घरून लिहून आणा. एक सुरुवातीचं, एक वार चुकल्यावरचं, एक लागल्यावरचं, एक पळ काढतानाचं. पळ काढतानाचं सगळ्यात चांगलं हवं, कारण तेच वाक्य मागे उरतं.

प्रश्न : खलनायक पहिल्याच सेशनला मेला. तीन महिन्यांची गोष्ट त्याच्यावर उभी होती. फासे पडद्याआड असतात, पुढच्या वेळी आकडा बदलू का?

उत्तर : नका बदलू. एकदा संशय आला की प्रत्येक फाशावर संशय येतो, आणि खेळाडूंची जीत खोटी ठरते.

त्यापेक्षा उघड सौदा करा. मोठ्या खलनायकासमोर तीन नाणी ठेवा, सगळ्यांना दिसतील अशी. एक नाणं खर्च केलं की तो कुठल्याही प्रसंगातून निसटतो : खिडकी, गुप्त दार, ओलिसाच्या गळ्यावर सुरी. फासा नाही, वाद नाही. बदल्यात प्रत्येक खेळाडूला एकेक नायकगुण मिळतो (अडचणीत खर्च करून मदत मिळवायचा गुण, तुमच्या खेळात त्याला जे नाव असेल ते) आणि खलनायक काहीतरी मागे टाकून जातो. हातमोजा, अर्धवट जळलेलं पत्र, मुद्रेची अंगठी, जखमी उजवा हात. ही वस्तूच पुढच्या सेशनचा धागा. तीन नाणी संपली की तो इतरांसारखाच मर्त्य. खेळाडू नाणी मोजत बसतात, आणि तिसरं नाणं जाताना टेबलावर जी शांतता पसरते ती कुठल्याच फाशानं पसरत नाही.

बाकी, तीन महिन्यांची गोष्ट एका माणसावर उभी करूच नका. त्याला वर एक मालक असू द्या आणि खाली एक महत्त्वाकांक्षी हस्तक.

प्रश्न : सेव्हन्थ सी या अशाच एका खेळाची पहिली आवृत्ती खेळून आम्ही दुसरीवर आलो. आता फासे एकदाच टाकले जातात आणि मग सगळे नुसते रेझ (फाशांच्या दहा-दहाच्या गटांमागे मिळणारी चाल) खर्च करतात. सपक वाटतंय.

उत्तर : 1999 च्या आवृत्तीत तुम्ही फासे टाकत होता आणि त्यातले काही ठेवून लक्ष्याशी ताडत होता, प्रत्येक कृतीला प्रश्न "जमलं का?" 2016 च्या आवृत्तीत जमणं गृहीतच आहे. तिथे प्रश्न वेगळा आहे : "काय काय सोडून द्यावं लागलं?" सोडून द्यायला काही नसेल तर सपकच वाटणार, आणि ते मांडणं जीएमचं काम आहे.

उदाहरण घ्या. जळती वखार, सात दहा-बाजूंचे फासे : 9, 7, 6, 5, 4, 3, 1. दहा-दहाचे गट लावले की 9 व 1, 7 व 3, 6 व 4. तीन रेझ, 5 चा फासा शिल्लक. (तो शिल्लक फासा जीएमनं विकत घ्यावा. खेळाडूला हिरो पॉइंट, म्हणजे वरचा नायकगुणच, आणि जीएमला डेंजर पॉइंट, म्हणजे अडचणी वाढवायचा गुण. नवे जीएम हे विसरतात आणि मग दोन्ही बाजूंची गंगाजळी आटते.) आता समोर काय आहे? बाहेर पडणं, 1 रेझ. धुरामुळे 2 जखमा, दर रेझला एक टळते. माळ्यावर अडकलेला कारकून, 1 रेझ. आणि संधी : मेजावरचं पत्र, 1 रेझ. एकूण गरज 5, हातात 3. झाला खेळ सुरू. सात फाशांची सरासरी बेरीज 38-39 येते, म्हणजे साधारण तीन रेझ धरून चाला आणि गरज त्याहून एक-दोननं जास्त ठेवा. गरज तीनच ठेवली तर सगळं वाचतं आणि कंटाळा येतो. सात ठेवली तर खेळाडू हताश होतात.

हे सगळं फासे टाकायच्या आधी मोठ्यानं सांगायचं. लपवून ठेवलेला परिणाम म्हणजे निवड नव्हे, सापळा झाला. शिवाय, फासे टाकताना सांगितलेल्या पद्धतीच्या बाहेरचं काही करायचं तर एक जास्तीचा रेझ पडतो, हे सैल सोडू नका. तलवारीनं सुरुवात करून मध्येच गोड बोलायला लागणाऱ्याला ती किंमत द्यायला लावलीत, तरच पद्धत निवडताना तो विचार करेल.

प्रश्न : खेळाडू दरोड्याची योजना दोन-दोन तास आखतात. आणि पकडले गेले तर शरण येत नाहीत, मरेपर्यंत लढतात.

उत्तर : दोन्हीमागे एकच भीती आहे, की जीएम आपल्याला पेचात पकडून सगळं हिरावून घेईल.

योजनेला दहा मिनिटं द्या, घड्याळ लावून. वेळ संपला की थेट भिंतीवर चढतानाचा प्रसंग सुरू. बदल्यात प्रत्येकाला एक "मागे वळून" द्या. अडचण आल्यावर खेळाडू म्हणू शकतो, "हा पहारेकरी? त्याला मी परवाच पैसे चारलेत," आणि एक फासा टाकतो. दोन तासांत जे ठरवायचं ते असं दहा वाक्यांत होतं, आणि नेमकं लागेल तेवढंच.

शरणागतीसाठी तीन ओळी लिहून कॅरेक्टर शीटच्या (पात्राच्या माहितीच्या कागदाच्या) मागे चिकटवा. हत्यारं जप्त झाली तरी पुढच्या सेशनच्या शेवटापर्यंत परत मिळवायची संधी येईलच. कैदेत असलेल्याला पडद्याआड मारलं जाणार नाही. शरण येणाऱ्या प्रत्येकाला तिथेच एक नायकगुण. यातली पहिली ओळ सगळ्यात परिणामकारक, कारण खेळाडूला जिवापेक्षा आजोबांची तलवार प्यारी असते. आणि शब्द पाळा. एकदा तलवार हरवलीत की पुढची दोन वर्षं कुणी शरण येणार नाही.

प्रश्न : एकजण प्रत्येक स्त्रीपात्राशी प्रेमालाप सुरू करतो. दुसरी खेळाडू गप्प होते.

उत्तर : ती गप्प होते, हेच उत्तर आहे. त्याच्याशी खेळाबाहेर, एकट्यानं बोला. पुढच्या सेशनआधी सगळ्यांनी मिळून ठरवा, काय खेळात येणारच नाही आणि काय पडदा पाडून पुढे जायचं. टेबलावर एक्स-कार्ड ठेवा. कुणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

प्रश्न : जहाजावरची लढाई आली की फक्त कप्तान झालेला खेळाडू बोलतो. आणि मुळात कप्तान कोण, यावरून रुसवेफुगवे.

उत्तर : रुसव्यांचं आधी. चाच्यांच्या जहाजावर कप्तानाचा शब्द अंतिम असायचा तो पाठलागात आणि लढाईत. एरवी कुठे जायचं, काय करायचं हे खलाशी मतानं ठरवत आणि त्याच मतानं कप्तान बदलतही. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या (मृत्यू 1722) जहाजावरच्या करारात लुटीचे वाटे लिहिलेले आहेत : कप्तान आणि क्वार्टरमास्टर (लूट वाटणारा, खलाशांचा प्रतिनिधी) प्रत्येकी 2, सेलिंग मास्टर (मार्ग आखणारा), बोसन (दोर-शिडांचा मुकादम) आणि तोफखान्याचा प्रमुख दीड, इतर अधिकारी सव्वा. म्हणजे एक वाटा मिळणाऱ्या साध्या खलाशाच्या कप्तान फक्त दुप्पट. हाच करार पहिल्या सेशनला कागदावर लिहून सगळ्या पात्रांच्या सह्या घ्या. कप्तानपद मग रुबाबाचं कमी आणि जबाबदारीचं जास्त वाटायला लागतं, आणि बऱ्याचदा खेळाडू क्वार्टरमास्टर व्हायला धडपडतात.

लढाईसाठी चार जागा ठेवा आणि एका जागी एकच खेळाडू. सुकाणूवरचा अंतर आणि कोन ठरवतो. शिडांवरचा वेग देतो, आणि तुटलेला दोर तोच सांधतो. तोफांवरचा गोळा निवडतो : जहाजाच्या बाजूच्या फळ्यांना भोक पाडायला गोल गोळा, शिडं-डोलकाठ्या तोडायला साखळीनं जोडलेले गोळे, माणसं टिपायला छर्रे. चौथा खलाशांसोबत, चढाईच्या तयारीत. तोच त्यांचा धीर राखतो, आग विझवतो, शत्रूच्या जहाजाला अडकवायचे दोराचे आकडे टाकतो. कप्तान यांपैकीच एका जागी असतो. त्याला वेगळी पाळी नाही, फक्त फेरीतून एकदा दुसऱ्याच्या फाशाला अधिक 2 द्यायचा हुकूम.

नकाशावर चौकोन मोजू नका. पाच कार्डं ओळीनं मांडा : क्षितिज, तोफेचा पल्ला, पिस्तुलाचा पल्ला, आकड्याचा पल्ला, आणि शेवटी दोन्ही जहाजं दोरांनी जखडलेली. सुकाणू आणि शिडं दोन्ही फासे लागले तर एक कार्ड पुढे किंवा मागे, तुमच्या मर्जीनं. एकच लागला तर अंतर तेच, पण कोन तुमचा. कोनाला खरी किंमत द्या : शत्रूच्या मागच्या बाजूनं मारा केला की गोळा खिडक्या फोडून जहाजाच्या लांबीभर आरपार जातो आणि त्याच्या बाजूच्या तोफा तुमच्याकडे वळतही नाहीत. तिथून नुकसान दुप्पट. एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम डागल्या की पुढच्या दोन फेऱ्या ती बाजू रिकामी. म्हणजे जहाज वळवून दुसरी बाजू आणायची की तशीच चढाई करायची, हे सुकाणू आणि तोफांवरच्या दोघांनी भांडून ठरवायचं.

तोफांच्या फेऱ्या जास्तीत जास्त चार. त्यानंतरही अंतर मिटलं नसेल तर वारा पडला, धुकं आलं, खडक दिसला, काहीही करून जहाजं भिडवा किंवा कायमची वेगळी करा. भिडली की जहाजाची कार्डं उचला आणि तळघराच्या लढाईसारखं पाच गोष्टींचं नवं कार्ड मांडा. डोलकाठी उंचावरची, दोर लोंबणारे, पाण्याची पिंपं कोसळणारी, तोफेची जळती वात, आणि जिवंत म्हणून शत्रूच्या जहाजावरचा तो पोरगा, जो काल बंदरात तुमच्याच क्वार्टरमास्टरला रस्ता सांगत होता.